सकाळी घाईत ओट्सचा हेल्दी नाश्ता घरी कसा करायचा?

दहा मिनिटांचं काम आहे, सांगते. पण तुम्ही प्रश्नात जे लिहिलं ना, की "गावाकडच्या कण्या-भाकरीपेक्षा ओट्स हेल्दी असतात म्हणून सुरू करायचे आहेत", त्याच्यावर मले आधी बोलायचं आहे. (कण्या म्हणजे जाडसर भरडलेली ज्वारी, शिजवून खातो ती.)

हे वाक्य माझी धाकटी जाऊ दर दिवाळीले ऐकवते. ती पुण्याले, आम्ही इकडे यवतमाळ जिल्ह्यात, दारव्हा तालुक्यात. ह्यांना शुगर निघाली त्या साली सगळ्या पाहुण्यांसमोर म्हणे, "ताई, तुम्ही अजून त्या कण्याच खाऊ घालता भाऊजींना?" अन् बॅगेतून चॉकलेटच्या स्वादाचे ओट्स काढून दिले. मागचं बारीक अक्षर लेकीकडून वाचून घेतलं तर ओट्सच्या खालोखाल साखर! शुगरच्या माणसाले! सासूबाई समोर होत्या म्हणून गप्प राह्यली.

मग साधे ओट्स आणून दुधात शिजवले तर हे म्हणे, वासरासाठी केलं का? तसं खोटंही नाही म्हणा, जई म्हणून ढोरांले जो हिरवा चारा देतात ते ओटच असते.

आमच्या घरी चालते तो उपमा. ओट्स आधी कोरडेच खरपूस भाजून घ्यायचे, हे चुकवलं की चिकट लगदा होते. मग तेलात मोहरी, जिरं, गोडनिंब (कढीपत्ता), मिरची, कांदा, टमाटर, हिवाळ्यात तुरीचे सोले (ओले दाणे), हळद-मीठ, हे सगळं शिजलं की भाजलेले ओट्स टाकून गरम पाण्याचे हबके मारायचे, एका वाटीले पाऊण वाटी पाणी पुरते, झाकण ठेवून तीन-चार मिनिटं, वरून सांबार, म्हणजे कोथिंबीर, अन् लिंबू. अंडं किंवा भाजलेले शेंगदाणे असले तर पोट दुपारपर्यंत धरून राहते. ते तयार मसाल्यावाले पुडे आणू नका, नुसतं मीठ असते त्यात.

आता खरं सांगते, झटपटमध्ये ओट्स जिंकतात, कारण ते कारखान्यातच वाफवून चपटे करून येतात. कण्या रात्री भिजवाव्या लागतात. प्रोटीनही ओट्समध्ये थोडं जास्त, 100 ग्रॅमले 13 ग्रॅमच्या आसपास, ज्वारीत 10, अन् कोलेस्टेरॉल कमी करणारा तो चिकट फायबर ओट्समध्ये आहे, मान्य. पण म्हणून ज्वारी काही गरिबाचं कदान्न होत नाही. 2023 साल संयुक्त राष्ट्रांनी भरडधान्याचं म्हणून जाहीर केलं तेव्हा ह्याच जाऊबाईचा फोन आला, ताई पाच किलो ज्वारी पाठवता का! अन् इथं ज्वारी पेरते कोण आता, रोही (नीलगाई) अन् डुकरं कणीस हाती लागू देत नाहीत, सगळीकडे सोयाबीन. तरी पाठवली, माहेरून आणून.

तर दोन दिवस ओट्स, बाकी दिवस कण्या-ताक नाहीतर भाकर, असं करा, फक्त ओट्सच्या मागे लागू नका. अन् हो, शुगरवाल्यांनी ओट्सही मापातच खावे, शेवटी धान्यच आहे ते, एकदम बारीक इन्स्टंटवाले तर शुगर लवकर चढवतात, जाड पाकळीचे घ्या. सुरुवातीले पोट फुगते, अर्ध्या वाटीपासून सुरू करा. गोळ्या किंवा इन्सुलिन चालू असेल तर किती अन् कधी खायचं ते डॉक्टरले विचारा, मले नाही.