हिंजवडीतल्या आमच्या कंपनीत एकच कुबरनेटीस क्लस्टर (अ‍ॅप एकत्र चालवणारा सर्व्हरचा समूह) अनेक टीम वापरतात. सीव्हीई-२०२०-८५५४ हा कुबरनेटीसमधला सुरक्षा दोष अपग्रेड केल्यावर जातो का?

नाही, नुसत्या अपग्रेडने तो जात नाही, कारण त्यासाठी वेगळा पॅच आलाच नाही. दोष रचनेतलाच आहे आणि सगळ्या आवृत्त्यांना लागू होतो, असं कुबरनेटीसच्या सुरक्षा समितीने डिसेंबर २०२० मध्येच जाहीर केलं होतं. ज्याला सर्व्हिस (ट्रॅफिक कुठल्या अ‍ॅपकडे न्यायचं ते सांगणारी नोंद) बनवता येते तो तिच्या एक्स्टर्नल आयपीत, म्हणजे बाहेरच्या आयपी पत्त्याच्या रकान्यात, कुठलाही पत्ता लिहू शकतो. मग क्लस्टरमधून त्या पत्त्याकडे निघालेलं ट्रॅफिक त्याच्या पॉडकडे, म्हणजे त्याच्या चालू अ‍ॅपकडे, वळतं. तुमच्यासारख्या सामायिक क्लस्टरमध्ये हे खरंच गंभीर आहे. टीएलएस (जोडणी कूटबद्ध करणारी पद्धत) प्रमाणपत्र नीट तपासलं जात असेल तर मजकूर वाचता येणार नाही, पण सेवा बंद पाडता येईलच.

एपीआय सर्व्हरवर (क्लस्टरमधल्या सगळ्या विनंत्या घेणारा भाग) 'डिनाय सर्व्हिस एक्स्टर्नल आयपीज' हा अ‍ॅडमिशन कंट्रोलर, म्हणजे विनंती मान्य करण्याआधी तपासणारा घटक, चालू करा. कुबरनेटीस १.२१ पासून तो मिळतो, पण आपोआप चालू नसतो. तो फक्त नव्या नोंदी रोखतो, म्हणून जुन्या सर्व्हिस एकेक करून तपासाच. सर्व्हिसचं स्टेटस बदलायची परवानगीही टीमना देऊ नका. मात्र क्लस्टर क्लाउड कंपनी चालवत असेल तर एपीआय सर्व्हरची ही सेटिंग सहसा तुमच्या हातात नसते. तिथे कायव्हर्नो किंवा गेटकीपर या क्लस्टरवर नियम लावणाऱ्या साधनांनी हाच नियम लावा.