रोटाव्हेटरला चेन कसा, नांगराला ढिली सोडा

प्रश्न (दौंड तालुका) : ४५ एचपीचा ट्रॅक्टर आहे. सहा फुटी रोटाव्हेटर वळताना झुलून टायरला घासायचा, म्हणून गॅरेजवाल्याने खालच्या लिंक (औजार धरणारे दोन दांडे) आडव्या झुलू नयेत म्हणून असलेल्या दोन्ही चेन पूर्ण आवळून दिल्या. आठ दिवसांनी तसाच पल्टी नांगर जोडला, तर स्टिअरिंग एका बाजूला ओढू लागलं आणि डावी चेन ट्रॅक्टरला जिथे अडकते तो खुंटा तुटला. दुकानदार म्हणतो, चेन काढून स्टॅबिलायझर बार बसवा. काय करू?

उत्तर : खुंटा नवा बसवा, बाकी काही विकत घेऊ नका. तुमचा खुंटा पान्याने तुटलाय. बार बसवून तो तसाच कसला तर बारही वाकेल.

औजार बदललं की चेनचं माप बदलतं. नांगराला तासात स्वतःची वाट धरायला जागा लागते. जमिनीत असताना दोन्ही बाजूंना चार-पाच सेंटिमीटर हालचाल राहू द्या, फक्त उचलल्यावर टायरला लागणार नाही एवढं बघा. ती जागा दिली नाही की नांगर ट्रॅक्टरला ओढतो, तुम्ही स्टिअरिंगशी झटत बसता आणि सगळा मार खुंट्यावर येतो. रोटाव्हेटरचं उलटं. तो झुलला की पीटीओ शाफ्टचे (ट्रॅक्टरची ताकद औजाराला देणाऱ्या फिरत्या दांड्याचे) क्रॉस, म्हणजे सांधे, जातात, म्हणून त्याला बोटभर ढील पुरे. बोटभर म्हणजे बोटभरच, शून्य नाही. गॅरेजमध्ये सर्रास ‘फुल आवळा, काही होत नाही’ सांगतात. होतं. खुंटा तुटतो.

आणखी एक चूक जवळपास प्रत्येक शेतात दिसते : रोटाव्हेटर जमिनीवर टेकवून चेन कसणे. चेनचा खुंटा आणि लिंकचा मूळ सांधा बहुतेक ट्रॅक्टरवर एका रेषेत नसतात, त्यामुळे औजार वर-खाली होताना चेनचा ताण बदलतो. खाली ठीक वाटलेली चेन वर जाताना तडतडते. माझी पद्धत अशी : पीटीओ बंद ठेवून, सीटवर बसून औजार खालपासून वरपर्यंत सावकाश न्या. दुसऱ्या माणसाला लांब उभं करून चेन कुठे सर्वांत ताणली जाते ते बघायला सांगा. त्या उंचीला औजाराखाली लाकडी ठोकळे द्या, त्यावर टेकवा, इंजिन बंद करा, मग पाना लावा. नुसत्या हायड्रोलिकवर उचललेल्या औजाराखाली हात घालायचा नाही. इंजिन चालू असताना तर मुळीच नाही.

मध्य काढताना टायरपासूनचं अंतर मोजून थांबू नका. बरेच रोटाव्हेटर एका अंगाला सरकवलेले असतात, तिथे दोन्ही बाजू सारख्या येणारच नाहीत. मागे उभं राहून बघा, शाफ्ट पीटीओपासून गिअरबॉक्सपर्यंत सरळ हवा. शेवटी लॉकनट आवळा. तासभर काम झालं की पुन्हा हात लावून बघा, नवीन चेन थोडी ढिली पडते.

चेन कसायला घेण्याआधी पहार घालून लिंकच्या टोकाचा बॉल हलवून बघा. बॉल झिजला असेल तर चेन कितीही कसा, औजार हलणारच. २८ मिमीच्या बॉलमध्ये २२ मिमीची पिन घालून चालवणारे रोज भेटतात. त्यात बुश घाला, स्वस्तातलं काम आहे. लिंकला पट्टी वेल्ड करून ‘कायमचा बंदोबस्त’ करून देणारेही आहेत. त्यांच्या नादी लागू नका.

प्रश्न (जुन्नर तालुका) : सरी यंत्राने सऱ्या वाकड्या पडतात. चेन कसू का?

उत्तर : थोडी कसा, बोट-दोन बोटं ढील ठेवून. आधी टॉप लिंक (वरचा मधला दांडा) आणि उजव्या लिंकची पातळी बघा. यंत्र कललेलं असेल तर ते एका बाजूला पळतं, त्यात चेनचा दोष नाही. आणि वाफसा नसताना सरी पाडायला जाऊ नका, चिखलात कुठलीच सेटिंग टिकत नाही.

प्रश्न (इंदापूर तालुका) : नव्या रोटाव्हेटरला अनुदान किती?

उत्तर : अर्ज महाडीबीटी या सरकारी पोर्टलवर. अल्प-अत्यल्पभूधारक, महिला, अनुसूचित जाती-जमातीला ५० टक्के, इतरांना ४० टक्के, ठरलेल्या कमाल मर्यादेत. दुकानदार ‘आधी घेऊन जा, मंजुरी मी करून देतो’ म्हणेल. नेऊ नका. पूर्वसंमतीच्या आधीच्या तारखेचं बिल चालत नाही.