वाचक विचारतात : बंदराच्या गाळातले तांबे

प्रश्न : रत्नागिरी जिल्ह्यातल्या आमच्या मासेमारी बंदराचा गाळ तपासून घेतला. किलोमागे 140 मिलिग्रॅम तांबे निघाले. कॅनडाच्या निकषात 108 च्या वर धोका, असे वाचले. गाळ विषारी समजायचा का?

उत्तर : एवढ्यावरून नाही. तो निकष ठरवताना आपला कातळ कोणाच्या डोळ्यांपुढे नव्हता. बेसॉल्टात सरासरी 87 मिलिग्रॅम तांबे धरतात. सह्याद्रीच्या काळ्या कातळात ते बरेचदा शंभरापलीकडे असते. तोच कातळ झिजून खाडीवाटे तुमच्या जेटीखाली येऊन बसतो. (मालवण-वेंगुर्ल्याकडे खडक वेगळा, तिथला हिशोबही वेगळा.)

म्हणून तुलना करा ती शेजारच्या, नौका न लागणाऱ्या खाडीतल्या तितक्याच बारीक गाळाशी. चिकणमातीत धातू मुळातच जास्त धरून राहतात आणि ॲल्युमिनियम हे चिकणमातीचे माप, तेव्हा दोन्हीकडे तांब्याला ॲल्युमिनियमने भागा. समजा बंदरात तांबे 140, ॲल्युमिनियम 7 टक्के. खाडीत 105 आणि 7. भागाकार 20 आणि 15, म्हणजे वाढ 1.3 पट. दीडपटीच्या आतल्या फरकावरून आरडाओरडा करू नये. मात्र दोन्ही नमुने एकाच पद्धतीने विरघळवलेले हवेत, कारण अम्लराजात (हायड्रोक्लोरिक आणि नायट्रिक आम्लांचे मिश्रण) सगळे ॲल्युमिनियम सुटत नाही.

शिसे जरूर बघा. बेसॉल्टात ते जेमतेम 6 मिलिग्रॅम. तुमच्याकडे 50 निघाले तर खापर कातळावर फोडता येणार नाही. आणि नौका ओढतात त्या उतारालगत तांबे-जस्त जोडीने चढलेले दिसले, तर संशय बुडाच्या रंगावर (शेवाळ-शिंपले चिकटू नयेत म्हणून नौकेच्या बुडाला देतात तो) घ्या. कथिलयुक्त रंगांवर 2008 पासून आंतरराष्ट्रीय बंदी लागू आहे. आता मुख्य भर क्युप्रस ऑक्साइडवर, म्हणजे तांब्याच्या संयुगावर, जोडीला जस्ताचे झिंक ऑक्साइड.

प्रश्न : एकाच डब्यातल्या गाळाचे दोनदा पृथक्करण केले. तांबे एकदा 150, एकदा 750! प्रयोगशाळा चुकली का?

उत्तर : आधी रंगाची खपली शोधा. 1 मिलिग्रॅमच्या खपलीत 30 टक्के तांबे धरले, तर अर्ध्या ग्रॅमच्या नमुन्यात ती एकटी 600 ची भर घालते. जून-जुलैच्या मासेमारी बंदीत नौकांची बुडे खरवडतात, त्यानंतर हे हमखास घडते. गाळ कुटण्यापूर्वी भिंगाखाली पसरा, खपल्या चिमट्याने वेचून वेगळ्या ठेवा (फेकू नका, तोच पुरावा) आणि प्रत्येक नमुना तीनदा विरघळवा.

बारीक गाळ वेगळा करायला 63 मायक्रॉनची चाळणी नायलॉनचीच घ्या. पितळी जाळी स्वतःचे तांबे-जस्त देते. तीच गत जस्ताचा मुलामा दिलेल्या बादलीची. ग्रॅबमधला (तळाचा गाळ उचलणारा जबडा) गाळ कडेचा नको, मधला घ्या, प्लॅस्टिकच्या चमच्याने, वरचे 2 सेंटिमीटर.

प्रश्न : मग तिसऱ्या (शिंपल्या) आणि कालवे खावीत का?

उत्तर : ते गाळाच्या आकड्यावरून सांगता येत नाही, मांसच तपासावे लागते. कालवे तांबे आणि जस्त अंगात भरपूर साठवतात. सडक्या अंड्याचा वास येणाऱ्या काळ्या गाळात सल्फाइड धातूंना बांधून ठेवते. गाळ उपसला की हवा लागून ती पकड सैल होते. त्यामुळे एक तपासणी उपशाच्या आधी आणि एक उपसा झाल्यावर करा.