अमेरिकेत काउंटीने (म्हणजे आपल्या जिल्ह्यासारख्या विभागाने) नवी रेडिओ यंत्रणा आणली, तर छोट्या फायर डिस्ट्रिक्टचा खर्च कोण उचलतं?

बहुतेक वेळा मोठा वाटा डिस्ट्रिक्टलाच उचलावा लागतो. इलिनॉय, मिसूरी, कोलोरॅडो अशा राज्यांत फायर प्रोटेक्शन डिस्ट्रिक्ट, म्हणजे अग्निशमन दल चालवणारा हा डिस्ट्रिक्ट, काउंटीचं खातं नसतं. ती वेगळी स्थानिक संस्था असते, तिचं मंडळ वेगळं, मालमत्ता करही वेगळा. टॉवर बहुधा काउंटी उभारते, पण हातातले आणि गाड्यांतले रेडिओ डिस्ट्रिक्टच्या गळ्यात पडतात. पी-25 या आपत्कालीन सेवांच्या डिजिटल रेडिओ मानकाचा एकेक संच काही हजार डॉलरपर्यंत जातो. स्वयंसेवकांवर चालणाऱ्या दलाला हा भार फार जड आहे. त्यासाठी फेमा या अमेरिकेच्या केंद्रीय आपत्ती व्यवस्थापन संस्थेचं अग्निशमन अनुदान मिळू शकतं.

मला मात्र पैशांपेक्षा कव्हरेजची काळजी जास्त वाटते. 11 सप्टेंबर 2001 च्या हल्ल्यात वर्ल्ड ट्रेड सेंटरच्या नॉर्थ टॉवर इमारतीतल्या अनेक जवानांना रेडिओवरचा बाहेर पडण्याचा आदेश ऐकूच गेला नाही. त्या दिवशी न्यूयॉर्कचे 343 अग्निशमन जवान गेले. नकाशावर रस्त्यावरचं कव्हरेज उत्तम दिसतं, तळघरात तेच गायब होतं. म्हणून नव्या यंत्रणेच्या करारावर सही होण्याआधी शाळा, रुग्णालयं, गोदामं यांच्या आत चाचणी घेण्याची अट डिस्ट्रिक्टने लेखी घालून घ्यावी. शिवाय टॉवरशिवाय संच ते संच बोलता येणारा चॅनेल घटनास्थळासाठी राखून ठेवावा.