मशीन आधी की माणसं आधी?

प्रश्न : आमच्या सोसायटीतले 46 वर्षांचे एक गृहस्थ बॅडमिंटन खेळताना कोसळले. कुणी तोंडावर पाणी मारलं, कुणी कांदा फोडून नाकाशी धरला. आचके देत होते, म्हणून श्वास चालू आहे असंच सगळ्यांना वाटलं. रिक्षातून दवाखान्यात नेईपर्यंत सगळं संपलं. आदल्या वर्षीचा ईसीजी नॉर्मल होता. त्यांचे मोठे भाऊही अडतिसाव्या वर्षी झोपेतच गेले होते. आता वर्गणी काढून शॉक देणारं एईडी मशीन घ्यावं, असं कमिटीत चाललंय. घ्यावं का?
– सेक्रेटरी, एक गृहनिर्माण संस्था, इचलकरंजी

उत्तर : घ्या, पण आधी वॉचमनला शिकवा.

मी भूलतज्ज्ञ. ऑपरेशन टेबलावर हृदय थांबलं तर आम्ही हातभर अंतरावर असतो; तुमच्या कोर्टवर असतो तो वॉचमन, नाहीतर समोरचा खेळाडू. हृदय थांबल्यावर कुणी छाती दाबली नाही, तर दर मिनिटाला वाचण्याची शक्यता साधारण 7 ते 10 टक्क्यांनी घटते. तेवढ्यात रिक्षा गेटबाहेरसुद्धा पडत नाही.

आणि ते आचके म्हणजे श्वास नव्हे. हृदय बंद पडल्यावरही ते थोडा वेळ येतात आणि भल्याभल्यांना चकवतात. माणूस हाकेला ओ देत नाही, श्वास नीट नाही, एवढं दिसलं की नाडी शोधत बसू नका. एकाने 108 लावून फोन स्पीकरवर ठेवायचा. दुसऱ्याने माणसाला जमिनीवरच उताणं ठेवून, छातीच्या मधल्या हाडाच्या खालच्या अर्ध्या भागावर तळव्यावर तळवा ठेवायचा आणि कोपरं ताठ ठेवून दाबायचं : पाच-सहा सेंटिमीटर खोल, मिनिटाला 100 ते 120 वेळा. दर दाबानंतर छाती पुरती वर येऊ द्यायची. दोन मिनिटांत घाम फुटतो, म्हणून आलटून पालटून. बरगडी मोडेल ही भीती सोडा; बरगडी जुळते.

डेन्मार्कने हेच देशभर केलं. 2005 मध्ये शाळेत सीपीआर (म्हणजे छाती दाबण्याचा हाच उपचार) शिकणं सक्तीचं, 2006 मध्ये ड्रायव्हिंग लायसन्ससाठीही. 2001 मध्ये रुग्णालयाबाहेर हृदय थांबलेल्या पाचांतल्या एकालाच आसपासच्यांकडून सीपीआर मिळायचा. 2010 मध्ये जवळजवळ निम्म्यांना. महिन्यानंतर जिवंत असणाऱ्यांचं प्रमाण 3.5 टक्क्यांवरून 10.8 वर गेलं. (रुग्णालयांतले उपचारही सुधारले होते, सगळं श्रेय शाळांना नको.) आपल्याकडे लायसन्सला आठ काढून दाखवायचा, बस्स.

आता मशीन. ते हृदयाची लय स्वतः तपासतं, गरज असेल तरच शॉक देतं आणि बोलून सूचना देतं. हिंदी किंवा मराठी बोलणारं मिळतंय का, ते दुकानदाराला विचारा. पॅड आणि बॅटरीला मुदत असते. ठेवायचं गेटजवळ, कुणाच्याही हाताला लागेल असं. तुमच्या कपाटात कुलूपबंद ठेवणार असाल तर वर्गणी परत करा! गणपतीच्या मांडवात पोरांकडून सराव करून घ्या, हौसेने शिकतील.

वर्षापूर्वीचा ईसीजी पुढच्या वर्षाची हमी देत नाही. बीपी, साखर, तंबाखू यांवर लक्ष हवंच, आणि खेळताना छातीत भरून आलं तर ‘अ‍ॅसिडिटी असेल’ म्हणून पुढचा गेम खेळू नये.

तुमच्या पत्रातली मला सर्वांत खटकलेली गोष्ट म्हणजे भावाचा मृत्यू. एका घरात दोघे भाऊ तरुणपणी असे गेले, तर दोष आनुवंशिक असू शकतो. दोघांचीही मुलं आणि उरलेली भावंडं यांना हृदयरोगतज्ज्ञांकडे पाठवा. ईसीजी आणि टू-डी इको (हृदयाची सोनोग्राफी) तरी व्हायलाच हवा. त्यांतलं कुणी धावताना-खेळताना कधी चक्कर येऊन पडलं असेल, तर तपासणी होईपर्यंत खेळ बंद.