मेक्सिकोत पेट्रोल भरताना

गाडी घेतलीस, छान! आता पंपाचं ऐक. तिथे नळी स्वतः हातात घ्यायची नाही, माणूस भरून देतो. पाच-दहा पेसो टिप द्यायची. हिरव्या नळीचं ते माग्ना, म्हणजे साधं पेट्रोल, लाल ते प्रीमियम, काळं डिझेल. तुझ्या गाडीला माग्ना पुरतं, उगाच प्रीमियमचे पैसे घालू नकोस.

गाडीतून उतरायचंच. तो "सेरोस" म्हणेल, म्हणजे मीटर शून्यावर आहे. नुसती मान डोलवू नकोस, आकडा बघ. एकदा पावसात मी आतच बसून राहिलो आणि ४५ लिटरच्या टाकीत ४८ लिटर 'मावले'! तेव्हापासून पावती घेतो. ती जपून ठेव; पंपाविरुद्ध तक्रार करायची तर प्रोफेको या ग्राहक संस्थेकडे.

रोख देत असशील तर ५०० ची निळी नोट हातात देताना मोठ्याने "किनिएन्तोस", म्हणजे पाचशे, म्हण. जुनी २० ची नोटही निळी, आणि दोन्हींवर चित्र एकाचंच, माजी राष्ट्राध्यक्ष हुआरेस यांचं. गडबडीत अदलाबदल होते, आणि ती नेहमी चुकूनच होते असं नाही.

भाव? २०१७ मध्ये सरकारने दर मोकळे केले, म्हणून एकाच रस्त्यावरच्या दोन पंपांवर वेगळा आकडा दिसतो. २०२५ मध्ये माग्नासाठी लिटरमागे २४ पेसोंची मर्यादा ठरली, पण ती ऐच्छिक. शिवाय स्वस्त पंप माप कमी देत असेल, तर काय उपयोग? मी दोन-तीन पंपांवर टाकी भरून किलोमीटर मोजले, मग एक पक्का केला.