वर्गात दोन मॅडम, पण मुलं एकीचंच ऐकतात तेव्हा

"पोरं मला टीचर समजतच नाहीत ओ मॅडम, हेल्पर समजतात" असं म्हणत एक विशेष शिक्षिका, म्हणजे दिव्यांग मुलांना शिकवणाऱ्या, माझ्यासमोर बसल्या आणि डोळे पुसायला लागल्या. सोलापूरच्या पूर्व भागातली शाळा, पाचवीचा वर्ग, त्यातली दोन मुलं दिव्यांग. वर्गशिक्षिका पंचवीस वर्षं शिकवतायत, ह्यांचं दुसरंच वर्ष. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्याने सगळ्या मुलांनी एकत्र शिकायचं म्हटलंय, त्यामुळे अशा जोड्या आता दिसायला लागल्यात आणि ही तक्रार मी बऱ्याच जणींकडून ऐकते. ह्यांनी काही सांगितलं की पोरं म्हणायची, "थांबा, आमच्या मॅडमना विचारून येतो."

मी दोन दिवस शेवटच्या बाकावर जाऊन बसले. खरं सांगू का, पोरांची चूक मला फार कमी दिसली. वर्गशिक्षिका ह्या विशेष शिक्षिकांना सगळ्यांसमोर "अगं ए, जरा खडू आण गं" म्हणायच्या. टेबल-खुर्ची एकच, टाइमटेबलवर नाव एकच. आणि एका मुलाला ह्यांनी पाण्याला जायला नाही म्हटलं तर तो सरळ दुसऱ्या मॅडमकडे गेला आणि त्यांनी न विचारता "जा" म्हटलं, झालं, सगळ्या वर्गाने ते बघितलं.

हे मी वर्गशिक्षिकांना एकटीला बाजूला घेऊन सांगितलं तेव्हा त्यांना लागलंच. "मी तिला लेकीसारखं मानते ओ." आणि ते खरं होतं, मायेनेच बोलायच्या त्या, पण दहा वर्षांच्या पोराला माया कळत नाही, त्याला एवढंच कळतं की मोठ्या मॅडम जिला अगं-तुगं करतात ती मॅडम नाही. त्यांनी मध्ये एकदा "मॅडमना रिस्पेक्ट द्या" म्हणून वर्गाला लेक्चरही दिलं होतं, त्याने उलट बिघडलं, कारण ह्यांना रिस्पेक्ट मागून मिळतो हे पोरांना कळलं.

मग आम्ही तिघींनी बसून ठरवलं. पोरांसमोर एकमेकींना "मॅडम" आणि "तुम्ही"च. दोघींची नावं फळ्यावर. कोणी एकीचं उत्तर घेऊन दुसरीकडे आलं तर आधी विचारायचं, "त्या मॅडम काय म्हणाल्या? मग तेच." पटलं नाही तर सुट्टीत बोलायचं, वर्गात नाही.

सगळ्यात जास्त फरक मात्र अपूर्णांकाच्या तासाने पडला असं मला वाटतं. विशेष शिक्षिकांनी पूर्ण वर्गाला शिकवायचं आणि मोठ्या मॅडमनी मागे त्या दोन मुलांजवळ बसायचं, म्हणजे कामांची अदलाबदल. ह्यांनी घरून कडक भाकरी आणली, टेबलावर मोडली, चार तुकडे झाले पण वेडेवाकडे. "चार तुकडे आहेत, मग हा एक म्हणजे पाव का?" वर्ग हो म्हणाला, आणि मग एक पोरगा म्हणाला, "सारखे नाहीत की ओ मॅडम!" तेवढ्यात मागून वर्गशिक्षिकांनी हात वर केला, "मॅडम, परत एकदा सांगता का, इथे दोघांना कळलं नाही." पोरं वळून वळून बघत होती.

हे ऑगस्टमधलं. जानेवारीतल्या गड्ड्याच्या यात्रेपर्यंत "आमच्या मॅडमना विचारतो" जवळजवळ बंद झालं, एकदोघं अजून म्हणतात. प्रगतीपुस्तकावर मात्र सही अजून एकीचीच असते, त्यासाठी मी आणि वर्गशिक्षिका दोघी मुख्याध्यापकांच्या मागे लागलोय.